तापाची तारीख

ताप कधी आला, असं ते कुणालाच विचारायचे नाहीत. अंगणाच्या कडेला उभे राहायचे आणि खाटेवरच्या माणसाला म्हणायचे, "भाकर कवापासून कडू लागून राहिली?" नवीन माणूस गोंधळायचा. अंग तापानं भाजून निघालंय आणि हा सरकारी माणूस भाकरीची चौकशी करतोय. मी त्यांच्या हाताखाली आशा सेविका म्हणून सहा वर्षं गाव फिरले. त्या एका प्रश्नामुळे वाचलेली माणसं मला माहीत आहेत. त्यातलं एक माझ्याच घरचं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ते आमच्या उपकेंद्राचे आरोग्य सेवक. सेनगाव तालुक्यातली पाच गावं त्यांच्याकडे होती. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही आणि त्यांचं न आवडणं मी पुष्कळ सोसलं आहे. गावात त्यांना सगळे तारीखवाले म्हणत. त्यांची मोटारसायकल वेशीतून आत आली की लेकरं "तारीखवाले आले" म्हणत पुढे पळायची. मी त्यांना भाऊ म्हणायचे. ते मला ताई म्हणायचे, राग आला की आशाताई म्हणायचे, आणि राग त्यांना दिवसातून दोनदा तरी यायचा.

उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, खिशात एक निळा आणि एक लाल पेन. मोटारसायकलच्या एका बाजूला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन पाण्यानं भरून बांधलेला, आणि हँडलला एक मोजा लोंबकळत असायचा. मोज्यात साबणाची वडी. एका घरातून निघाले की कॅनचं पाणी घेऊन, मोज्यावरच हात चोळून ते हात धुवायचे, मग दुसऱ्या घराकडे वळायचे. उन्हाळ्यात गावाला पाणी नसतं, म्हणून लोकांच्या रांजणाला त्यांनी कधी हात लावला नाही. पाणी आपलं, साबण आपला.

एकदा शेजारच्या म्हातारीनं नाक मुरडलं. "पायातल्या मोज्यानं हात धुता व्हय?"

"धुतलेला मोजा हाय, मावशी. तुमच्या पदरापेक्षा साफ हाय," ते म्हणाले.

म्हातारी वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. पण पुढच्या पावसाळ्यात मी तिच्या घरी गेले तर न्हाणीच्या खिळ्याला नातवाचा जुना मोजा टांगलेला, आत साबण. मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "मोजा धुतलेला व्हता का, ते बघितलं का तुमी?" मी बघितलं नव्हतं.

तारखेचं वेड त्यांना कुठून लागलं, हे मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते पहिल्यांदा हसलेले मी पाहिले. त्यांची शाळेतली जन्मतारीख एक जून. आमच्या गावातल्या अर्ध्या माणसांची एक जूनच आहे. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, आईबापाला सांगता यायचं नाही, मग मास्तर एक जून लिहून मोकळे. बाकीचे लोक त्यावर हसून सोडून देतात. हे मात्र वयाच्या विशीत आईला घेऊन बसले. पाऊस होता का? जोंधळा केवढा होता? पोळा झाला होता का? त्या माउलीला आठवलं की पोळ्याची पुरणपोळी पोटभर खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. त्यावरून, जुनी पंचांगं धुंडाळून, त्यांनी स्वतःची तारीख काढली. "माणसाला तारीख ध्यानात राहात न्हाई, ताई," ते म्हणाले, "पण काय खाल्लं ते राहते." सरकारी कागदावर ते शेवटपर्यंत एक जूनचेच राहिले आणि त्याचा त्यांना कायम त्रास व्हायचा.

आता तापाच्या तारखेला एवढं महत्त्व का, ते सांगते, कारण मलाही पहिलं वर्षभर ते कळलं नव्हतं. आमच्याकडे माणूस आजारी कधी पडतो? ज्या दिवशी तो शेतात जात नाही त्या दिवशी. त्याआधी दोन दिवस अंग मोडून आलेलं असतं, घसा धरलेला असतो, रात्री हुडहुडी भरलेली असते, पण पाय चालतायत ना, मग तो आजार नव्हे. आडवा पडला की आजार सुरू. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून, की सगळे इमानदारीनं सांगतात, कालपासून. कुणी खोटं बोलत नाही. पण डॉक्टरांच्या कागदावर पहिला दिवस लिहिला जातो आणि अंगात तिसरा चालू असतो.

फ्लूच्या साथीत याच दोन दिवसांवर सगळं अवलंबून असतं. त्या तापाची जी कॅप्सूल आहे ती पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तर चांगलं काम करते. आणि ज्यांचं बिघडायचं असतं, त्यांचं बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी बिघडतं, श्वास वाढतो. "पयला दिवस चुकला की चौथा बी चुकते," हे त्यांचं वाक्य मी एवढ्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. म्हणून ते मागे मागे जात विचारायचे. काल काय खाल्लं? परवा? बाजाराच्या दिवशी भजी खाल्ली का, गोड लागली का? ठेचा तोंडाला लागला का? जिथे चव गेली तिथे लाल पेनानं तारीख पडायची. एका आडदांड गड्यानं वैतागून विचारलं, "साहेब, तुमी दवाखान्यातले का खानावळीतले?" भाऊंनी मान वर न करता विचारलं, "सोमवारचं पिठलं कसं लागलं ते सांगा."

साथ आली त्या वर्षी गावात हळदीचा हंगाम होता. फाल्गुन सरत आलेला. रानोरान हळद काढणं चालू, शिजवायचे कुकर ट्रॅक्टरला लागून या शेतातून त्या शेतात फिरत होते, आणि वाळलेल्या हळदीचं पॉलिश सुरू झालं होतं. पॉलिशच्या ड्रममधून पिवळा धुरळा उठतो, तो आठ-आठ दिवस गावावर बसून राहतो. त्या दिवसांत आमच्याकडे सगळेच खोकतात. दरवर्षी खोकतात. त्यामुळे त्या वर्षीचा खोकला कुणी मनावर घेतला नाही. हळदीचा खोकला आहे, पॉलिश संपलं की जाईल, असं मीच चार घरी सांगितलं, हे कबूल करते.

भाऊंनी मला फाट्यावर उभं करून झापलं. "आशाताई, हळदीच्या खोकल्यात भाकर कडू लागते का? हळदीच्या खोकल्यात मांड्या दुखतात का? ज्या घरचं पॉलिश झालं न्हाई त्या घरचं लेकरू काहून खोकून राहिलं?" दोन दिवसांनी तालुक्याहून तपासणीचे निकाल आले. स्वाईन फ्लू होता.

मग त्यांनी जे सुरू केलं, ते त्या दिवसांत गावाला जुलूम वाटलं. सकाळी सात वाजता फेरी. खोकणाऱ्यानं तोंडाला रुमाल किंवा उपरणं बांधायचं, वेगळ्या खाटेवर, खिडकीजवळ झोपायचं. हळदीवरच्या मजुरांनी एका तांब्यानं पाणी प्यायचं नाही, ज्याचा त्याचा पेला. म्हातारे, दमेकरी, साखरेचा आजार असलेले आणि पोटुशी बाया, यांना नुसता ताप आला तरी त्याच दिवशी सांगायचं, निकालाची वाट बघायची नाही. बाकीच्यांना तापाची गोळी, भरपूर पाणी आणि आराम. सुई मागायची नाही. एक आजोबा सलाईनसाठी अडूनच बसले. बाटली लावल्याशिवाय अंगात जीव येत नाही म्हणाले. भाऊ अंगणात चार हात लांब उभे राहिले, सुनेला वरणाचं पाणी आणायला सांगितलं, आणि आजोबांनी दोन तांबे संपवेपर्यंत हलले नाहीत. "ही बाटली तोंडातून लागते, बाबा," म्हणाले. आजोबा आठवड्यात उठले आणि पुढे सगळ्यांना सांगत सुटले की तारीखवाल्यानं मला तासभर उन्हात उभं राहून पाजलं.

सगळ्यात अवघड काम होतं भेटायला जाणाऱ्यांना थांबवणं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर ते पिढीभर लक्षात राहतं. बिस्किटांचा पुडा घ्यायचा, जायचं, उशाशी बसायचं, कपाळाला हात लावायचा. भाऊ वाटेत आडवे व्हायचे. "मावशी, तुमी पुडा देऊन येता अन् ताप घेऊन येता." लोक ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी एक तोड काढली. भेटायला आलेल्यानं रस्त्यावर उभं राहून नाव घेऊन हाक मारायची आणि आजाऱ्यानं खिडकीतून हात वर करायचा. झाली भेट. पहिले दोन दिवस लोक हसले. मग गल्लीगल्लीत बाया उभ्या राहून हाका मारू लागल्या आणि खिडक्यांतून हात वर होऊ लागले. आजूबाजूच्या गावांत हे कुठेच नव्हतं. मला तेव्हाही त्याचा अभिमान वाटायचा आणि आजही वाटतो.

आणि अशा वेळी मी माझ्याच घरचा ताप लपवला.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरत आला होता. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, तिच्या दोन वेण्या मी घालायचे, तिचा अभ्यास मी घ्यायचे. नणंद म्हणायची, पण लेकीसारखी. मंगळवारी तिचं डोहाळजेवण ठरलं होतं. सासरची माणसं जीप करून येणार होती. माझे सासरे गावात मानाचे, पाहुणचारात काही कमी पडलं तर त्यांना अन्न गोड लागत नाही. अंगणात मांडव पडला होता, फुलांचे दागिने सांगून ठेवले होते.

शनिवारी दुपारी नणंद जेवता जेवता उठली. म्हणाली, अंग जड झालंय. संध्याकाळी कणकण होती. सासूबाई म्हणाल्या, "धुरळा गेला असल पोटात. आपलं पॉलिश आत्ताच झालं. कोणाला काय बोलू नको." मी आशा. माझ्या पिशवीत पोटुशी बाईच्या तापाबद्दलचा कागद होता, तो मी गावभर वाचून दाखवला होता. तरी मी तिला तापाची गोळी दिली आणि गप्प बसले. डोहाळजेवण मोडलं तर पाहुणे म्हणणार, माहेरी नीट ठेवली नाही. आशाच्याच घरात साथ शिरली तर गाव काय म्हणेल, हाही विचार मनात होता, तो लपवत नाही. गोळीनं ताप उतरायचा, मला धीर यायचा, पुन्हा चढायचा. रविवारी भाऊ दारावरून गेले. "घरात समदे बरे?" मी म्हणाले, बरे. सोमवारीही मी तेच सांगितलं.

मंगळवारी सकाळी ती उठून चूळ भरायला गेली आणि न्हाणीच्या दारात बसली. ओठ सुकलेले. चार शब्द बोलली की थांबायची. बरोबर सात वाजता मोटारसायकलचा आवाज आला आणि मी अनवाणी रस्त्यावर गेले.

"भाऊ, नणंदेला ताप हाय."

"कवापासून?" त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी असं सरळ विचारलं. माझ्याकडून सरळ उत्तर येईल असं त्यांना वाटलं असावं.

मी म्हणाले, "कालपासून."

ते अंगणात येऊन नणंदेसमोर चार हात अंतरावर उकिडवे बसले. घड्याळ काढून पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले. लेकरू पोटात हलतं का विचारलं. ती हो म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, भाकर कवापासून कडू लागली?"

तिला बिचारीला माझं उत्तर माहीत नव्हतं. म्हणाली, "शनिवारी दुपारी भरीत केलतं वहिनीनं. मला लई आवडते. एक घास खाल्ला अन् सोडून दिलं."

"किती वाजता जेवले?"

"एक वाजला असन."

त्यांनी वही आणि लाल पेन काढला. मी समोर उभी होते, मला सगळं दिसत होतं. शनिवार, दुपारी एक, असं लिहिलं. पुढे लिहिलं, आशाताईंच्या घरी, आशाताईंनी मंगळवारी सकाळी सांगितले. मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हणाले, "शनिवार लिहा, भाऊ. पण माझं नाव काहून लिहिता? माझी नोकरी जाईल, घरात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

"लिहिलं न्हाई तर पुढच्या खेपेला ताप कुटं लपते ते कळणार न्हाई," ते म्हणाले. त्यांनी शब्द खोडला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून पहिली कॅप्सूल तिथेच दिली, तारीख आणि श्वासांचा आकडा दवाखान्यासाठी एका चिठ्ठीवर उतरवला आणि ॲम्ब्युलन्स मागवली.

सासरे बाहेर आले. त्यांना सगळं कळल्यावर पहिला प्रश्न पडला तो पाहुण्यांचा. "अकराला येऊन राहिले ते. तीस माणसाचा सैपाक हाय. पाहुण्यांला दारातून वापस पाठवू का मी?"

"दारातून न्हाई, मामा. फाट्यावरून," भाऊ म्हणाले. "तुमाला जमत न्हाई तर मी जातो."

आणि खरोखर गेले. ॲम्ब्युलन्स आमच्या दारातून निघाली तेव्हा हा माणूस फाट्यावर रस्त्याच्या मधोमध उभा होता. ओटीची ताटं मांडीवर घेतलेल्या बायांनी भरलेली जीप त्यांनी थांबवली, बायांपैकी एकीलाही खाली उतरू दिलं नाही, आणि सगळं खरं सांगून टाकलं. शनिवारपासून ताप आहे, घरच्यांनी सांगितला नाही. नणंदेच्या सासूनं माझ्या सासऱ्यांचा उद्धार केला असणार, तो त्यांनी मला कधी सांगितला नाही. जावई तेवढे उतरले आणि आमच्यामागे दवाखान्यात आले. जीप वळून गेली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कितवा दिवस? माझ्या नवऱ्यानं सवयीनं सांगितलं, "काल रात्रीपासनं." तेवढ्यात डॉक्टरांनी भाऊंची चिठ्ठी उलगडली. चिठ्ठीवर शनिवार होता, आणि सकाळी सातचे श्वास होते. डॉक्टरांनी पुन्हा श्वास मोजले, ते सकाळपेक्षा वाढलेले निघाले. त्यांनी आमच्याशी जास्त बोलणं केलं नाही. ऑक्सिजन लावून तिला तशीच हिंगोलीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नंतर मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, पहिल्या दिवशी तापामुळे श्वास थोडा वाढलेला दिसतोच. कालचाच ताप धरला असता तर कॅप्सूल देऊन, लक्ष ठेवा, त्रास वाढला तर या, असं सांगून घरी पाठवायचा विचार केला असता. चौथ्या दिवशी वाढतोय म्हटल्यावर थांबायचं नसतं. त्या संध्याकाळी तिची तब्येत खालावली. ती घरी असती तर आम्ही सेनगावच्या रस्त्यावर अंधारात गाडी शोधत असतो.

ती सहा दिवस ऑक्सिजनवर होती. मी काचेच्या अलीकडे बसून होते. सासूबाई रडायच्या. मी भाऊंवर संतापले होते. खरं सांगते, नणंदेसाठी देवाला हात जोडायचे आणि तेवढ्यातच त्या लाल अक्षरांचा राग यायचा. वाटायचं, सहा वर्षं उन्हातान्हात या माणसाबरोबर फिरले आणि यानं एका ओळीची भीड ठेवली नाही. आढावा बैठकीत ती ओळ वाचली गेली. मला लेखी समज मिळाली. भाऊ माझ्या शेजारीच, म्हणजे मधे एक खुर्ची सोडून, बसले होते. बैठक संपल्यावर म्हणाले, "आता तिचा श्वास किती हाय?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "बराबर उतरून राहिला," आणि निघून गेले. घरी जाऊन मी भांडी जोरात आपटली.

राग केव्हा गेला ते मला नेमकं सांगता येत नाही. भाऊंना सांगता आलं असतं. नणंद घरी आली, महिना-दीड महिन्यानं तिला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि डोळ्यांपुढे ती चिठ्ठी आली. त्यांनी माझी भीड ठेवली असती, शनिवारचा सोमवार केला असता, तर माझं नाव राहिलं असतं आणि ही राहिली नसती. असं स्वच्छ कळलं की मग रागाला जागा उरत नाही. त्या साथीत आमच्या गावातलं एकही माणूस गेलं नाही. चौदा घरांत ताप होता, म्हाताऱ्यांना होता, दम्याच्या माणसांना होता. प्रत्येकाची खरी तारीख लाल अक्षरात वहीत आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभा झाली. सरपंचांनी माझा सत्कार ठेवला होता, शाल आणि नारळ. भाऊंना बोलावलं होतं, पण त्यांनी सत्कार घ्यायला आधीच नकार दिला होता. साथ सरून गेली होती तरी ते दारापाशी, वाऱ्याला, बाकीच्यांपासून चार हात लांब खुर्ची ओढून बसले होते. पुढच्या रांगेत सासरे होते. नणंद लेकीला मांडीवर घेऊन बसली होती.

सरपंच म्हणाले, "आपल्या आशाताईनं पोटुशी नणंदेचा ताप येळेवर वळखला, म्हणून आज हे लेकरू आपल्यात हाय." टाळ्या झाल्या. शाल माझ्या खांद्यावर पडली. वेळेवर हा शब्द मला सहन होईना. बैठकीतली ओळ गावापर्यंत आली नव्हती, घरच्यांनीही ती गिळून टाकली होती. आता गप्प बसले असते तर जन्मभर गप्प बसता आलं असतं. मी सरपंचांच्या हातातून माईक घेतला.

"येळेवर न्हाई वळखला," मी म्हणाले. "मला म्हाईत व्हतं. पाहुणे येणार म्हणून अन् गावात नाव जाईल म्हणून मी तो लपवला. माझ्या खोट्यावर भाऊंनी खरी तारीख लिहिली, म्हणून ती वाचली. तुमी कोणी असं करू नका. मी आशा असून दोन दिवस ताप लपवला."

सासरे जमिनीकडे बघत होते. नणंद माझ्याकडे बघून रडत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा लाज आणि अभिमान एकाच वेळी वाटत होते.

तेवढ्यात दारापाशी खुर्ची सरकली. भाऊ उभे राहिले होते.

"दोन न्हाई, ताई," ते म्हणाले. "पावणेतीन. शनिवारी दुपारी एकपासून मंगळवारी सकाळी सातपर्यंत."

पहिल्यांदा सासरे हसले. मग सगळी सभा हसली. मी डोळे पुसले आणि माईक पुन्हा तोंडाजवळ धरला.

"पावणेतीन दिवस," मी सगळ्या गावाला सांगितलं, आणि खांद्यावरून घसरलेली शाल आपल्या हातानं नीट वर घेतली.